दवाखाना कोणासाठी?



दरवर्षी ११ फेब्रुवारीला आपण लूर्द मातेचा सण साजरा करतो. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली हाच दिवस आजाऱ्यांचा जागतिक दिवस म्हणून ठरवून दिला आणि १९९३ पासून सारी ख्रिस्तसभा तो पाळते. त्या दिवशी आपण आपल्या आजारी माणसांची नावे प्रार्थनेसाठी देतो. साखर, बीपी, पक्षाघात, किडनी, गुडघ्याचे ऑपरेशन, कॅन्सर. नावे मोकळेपणाने दिली जातात, कारण या आजारांची आता कोणाला लाज वाटत नाही.

पण एक नाव या यादीत सहसा येत नाही. घरातला जो मुलगा गर्द ओढतो, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिचवतो, दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटे खिशात बाळगतो, त्याचे नाव. विचारले तर तो 'गावी गेलेला' असतो किंवा 'कामासाठी पुण्याला' असतो. आणि दुसरीकडे, जिला कसलाही आजार नाही, केवळ देवाने सावळा वर्ण दिला आहे, त्या मुलीला आपण हौसेने क्लिनिकच्या पायऱ्या चढायला लावतो. लग्न ठरायच्या आधी 'चेहऱ्याचे काहीतरी करून घे' म्हणून. ज्याला दवाखान्याची गरज आहे त्याला लपवायचे आणि जिला नाही तिला पाठवायचे, असा उलटा कारभार आपल्या घरांत चालतो. आज आपण त्याविषयी बोलू या.

संत मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायाच्या शेवटी एक कुष्ठरोगी येशूकडे येतो. त्या काळी 'कुष्ठ' या एकाच शब्दात कातडीचे कितीतरी विकार मोडत. लेवीय ग्रंथाचे तेरावे आणि चौदावे अध्याय आपण सहसा वाचत नाही, कारण ते वाचताना त्वचारोगाच्या ओपीडीत बसल्यासारखे वाटते. डाग पांढरा आहे की तांबूस, केस पांढरे झाले का, सात दिवसांनी पुन्हा दाखवा. तपासणारा याजक असे, आणि त्याने अशुद्ध ठरवले की त्या माणसाला वस्तीबाहेर राहावे लागे. असा हा माणूस नियम मोडून येशूच्या पुढ्यात येतो, गुडघे टेकतो आणि म्हणतो की तुमची इच्छा असेल तर तुम्ही मला शुद्ध करू शकता.

येशू काय करतो, कोणत्या क्रमाने करतो, ते नीट पाहू या. तो आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. रोग अजून अंगावर असतानाच. बरे होणे त्यानंतर येते. आपण नेमके उलटे करतो. आधी सुधार, मग घरात घेतो. आधी सोड, मग जवळ बस.

आणखी एक गोष्ट. बरे झाल्यावर येशू त्याला सांगतो की जा, याजकाला दाखव आणि नियमात सांगितलेले अर्पण कर. म्हणजे चमत्कार झाला तरी तपासणी टळली नाही. आजच्या भाषेत म्हणायचे तर, 'रिपोर्ट दाखवून ये'. श्रद्धा आणि तपासणी यांच्यात येशूला भांडण दिसले नाही. आपल्याला का दिसावे?

आता अफूच्या व्यसनाकडे वळू. अफूच्या बोंडाला चिरा दिल्या की चीक निघतो. त्यापासून मॉर्फिन मिळते, आणि मॉर्फिनवर प्रक्रिया करून हेरॉइन. आपल्याकडे ज्याला ब्राऊन शुगर किंवा गर्द म्हणतात ते भेसळ केलेले हेरॉइन. खोकल्याच्या काही औषधांत असणारे कोडीन त्याच कुळातले. ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी कारखान्यात तयार होते, पण मेंदूत तिचे काम त्याच जागी होते. २०१८ साली ट्रामाडॉलवर अमली पदार्थांच्या कायद्याची बंधने आली. तोवर ती अगदी सहज मिळत असे.

हा गर्दुल्ल्यांचा, मुंबईच्या फलाटांवरचा विषय आहे, सोलापूरचा नाही, असे कोणी म्हणेल. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्समार्फत देशभर पाहणी करून २०१९ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार अफूच्या कुळातले पदार्थ वापरणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक देशात आहेत आणि त्यांतल्या सुमारे ७७ लाख लोकांना मदतीची गरज आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्या चिंचोली एमआयडीसीतच मेफेड्रोन तयार करणारा कारखाना पकडला. मेफेड्रोन अफूच्या कुळातले नाही, त्याची नशा वेगळी. पण नशेचा माल कुठे दूर बनतो या समजुतीला त्या दिवशी पूर्णविराम मिळाला. आणि पुडीपर्यंत जायचीही गरज नसते. दिवसभर यंत्रमागावर उभे राहून किंवा विड्या वळत मांडी घालून बसून कंबर धरली, कोणीतरी 'ही गोळी घे, लगेच उतरते' म्हणून पाकीट दिले, आणि वर्षभराने त्या गोळीशिवाय अंथरुणातून उठवेना. याला चैन कोण म्हणेल?

अशा माणसाच्या शरीरात काय होते हे आईवडिलांनी समजून घेतले पाहिजे. दुखणे शमवणारी स्वतःची रसायने आपल्या मेंदूत असतात. बाहेरून अफू येत राहिली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. मग तेवढ्याच मात्रेने भागत नाही, ती वाढवावी लागते. आणि एक दिवस नाही मिळाली तर नाक-डोळे वाहू लागतात, जांभया, जुलाब, पोटात पिळे, अंगावर काटा, हाडे मोडून आल्यासारखी वेदना, आणि झोप तर नाहीच. व्यसनी मुले याला 'टर्की' म्हणतात. पहिले दोन-तीन दिवस ती फार तीव्र असते, साधारण आठवड्याभरात ओसरते. त्या दिवसांत तो घरातली भांडी विकतो, आईच्या पर्समध्ये हात घालतो, खोटे बोलतो. आपण त्याला चोर म्हणतो, आणि चोरी ही चोरीच आहे, ते नाकारायचे नाही. पण त्या तासाला त्याला नशेची मजा नको असते. त्याला ती वेदना थांबायला हवी असते.

येथे आम्हाला एका संताची गोष्ट सांगायची आहे. आपल्या घरांत त्यांचे चित्र नसते, नावही फारसे कोणी ऐकलेले नाही. संत मार्क जी थ्येनश्यांग. ('जी' हे त्यांचे आडनाव, आपला आदरार्थी 'जी' नव्हे.) १८३४ साली चीनमध्ये आजच्या हबेई प्रांतात त्यांचा जन्म झाला. ते वैद्य होते, गरिबांना फुकट औषध देत, गावात त्यांना मान होता. त्यांना पोटाचा त्रास सुरू झाला, त्यावर त्यांनी अफू घेतली आणि अफूने त्यांना धरले. ते पापनिवेदनाला जात, सोडतो म्हणत, पुन्हा घेत, पुन्हा पापनिवेदनाला येत. शेवटी त्यांच्या धर्मगुरूंनी सांगितले की तुमचा निश्चय खरा नाही. अफू सुटेपर्यंत पापक्षमा नाही आणि ख्रिस्तप्रसादही नाही.

अफू सुटली नाही. तीस वर्षे सुटली नाही. आणि तीस वर्षे जी थ्येनश्यांग चर्चला येतच राहिले. एखाद्या लहान कारणाने रुसून दोन महिने चर्चकडे न फिरकणारे आपण या माणसापुढे काय बोलणार? १९०० साली बॉक्सर बंडात ख्रिस्ती लोकांना पकडून मारले जाऊ लागले. जी थ्येनश्यांग मुलगा, सुना आणि नातवंडांसह पकडले गेले. श्रद्धा नाकारा, सोडतो, असे सांगण्यात आले. त्यांनी नाकारली नाही. घरातले कोणी एकटे मरू नये म्हणून आपल्याला सर्वांत शेवटी मारा, एवढीच त्यांनी विनंती केली. पवित्र मारियेची लितानी म्हणत ते मरणाला सामोरे गेले, असे सांगतात. १ ऑक्टोबर २००० रोजी परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी चीनच्या १२० हुतात्म्यांना संतपद दिले, त्यांत हे एक. अफूचे व्यसन शेवटपर्यंत न सुटलेला माणूस वेदीवर मानाने बसला आहे.

त्या धर्मगुरूंना दोष देण्याचे काम आमचे नाही. व्यसन हा मेंदूचा आजार आहे हे तेव्हा वैद्यकालाच कळले नव्हते. खुद्द जी थ्येनश्यांग वैद्य असून त्यांनाही कळले नव्हते. पण आज कळले आहे, आणि कळल्यावरही आपण तसेच वागलो तर आपल्याकडे ती सबब उरत नाही.

सोलापूरकरांना या गोष्टीत आपला एक धागा सापडेल. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजे भरभरून चीनला जात असे. त्या व्यापारातून मुंबईत मोठमोठी घराणी उभी राहिली. पुढे चीनमध्येही अफू पिकू लागली, पण तिचे व्यसन पसरवण्यात आपल्या किनाऱ्याचा वाटा होताच. आणि १९३८ साली आपल्याच सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करत ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांची समाधी हबेई प्रांतातच आहे, संत जी थ्येनश्यांग यांच्याच प्रांतात. आपल्या देशातून आधी अफू गेली, मग वैद्य गेला. भैय्या चौकातून जाताना डॉक्टरांच्या स्मारकाकडे पाहून हे आठवावे.

मग आज औषध काय आहे? आहे, आणि चांगले आहे. बुप्रेनॉर्फिन नावाची गोळी जिभेखाली ठेवतात. ती मेंदूत अफूच्याच जागी जाऊन बसते, पण हळूहळू आणि मर्यादेत काम करते. टर्की लागत नाही, तलफ कमी होते, आणि माणूस शुद्धीत राहून कामावर जाऊ शकतो. मेथाडोन हे त्याच प्रकारचे दुसरे औषध. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन्ही औषधे आवश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्या सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातही सुईने नशा करणाऱ्यांना बुप्रेनॉर्फिन देतात, तेही बहुधा रोज केंद्रावर, समोर बसवून. तिसरे औषध नाल्ट्रेक्सोन. ते अफूची जागाच अडवून धरते, म्हणून शरीरातली अफू पूर्ण गेल्यावरच सुरू करतात.

यावर हमखास येणारे वाक्य असे: 'म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरली!' हे वाक्य चर्चच्या पायरीवरही ऐकू येते, आणि ते मुलांचे जीव घेते. कसे, ते सांगतो. मुलाला कोठेतरी महिनाभर ठेवून नुसती अफू बंद केली, घरी आणले, आणि औषध दिले नाही, तर पुन्हा घेण्याची शक्यता फार मोठी असते. आणि महिनाभरात शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचणारी तीच मात्रा आता श्वास थांबवते. 'सुधारून आला' म्हणून पेढे वाटलेल्या घरात आठवड्याने अंत्यविधी होतो, तो असा. औषधावर टिकून राहिलेल्यांचे मृत्यू पुष्कळ कमी होतात, हे वैद्यकाने पुन्हा पुन्हा पाहिले आहे. मधुमेही माणूस वर्षानुवर्षे इन्सुलिन घेतो तेव्हा आपण त्याला इन्सुलिनचा व्यसनी म्हणत नाही. औषध किती दिवस, कधी कमी करायचे, हे डॉक्टर ठरवतील. शेजारीण नाही, आणि चर्चमधला कोणीही नाही.

नुसत्या गोळीने भागते, असेही नाही. बोलणारे कोणी लागते, रोजची कामे लागतात, सोबत लागते. पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, ते गर्दच्या लाटेत सापडलेल्या मुलांसाठीच. त्याच्याही आधी, १९८१ साली, फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशनची सुरुवात केली. फादर स्वतः दारूच्या व्यसनातून गेलेले. त्यांनी ते लपवले नाही, त्याच्यावरच आपली सेवा उभी केली. २००९ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. धर्मगुरूने 'मीही आजारी होतो' म्हणण्यात किती मोकळीक आहे, ते ज्यांच्या घरी व्यसन आहे त्यांनाच कळेल.

आता दोन-तीन इशारे. एसटी स्टँडच्या भिंतींवर 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती असतात. जेवणात गुपचूप मिसळायची पूड. तीत डायसल्फिराम असले आणि त्या माणसाने वर दारू घेतली, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. कोणालाही नकळत औषध देऊ नका. दुसरे, जेथे मुलांना बांधून ठेवतात, मारतात, तेथे आपला मुलगा देऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने साखळदंड घालायला मनाई केली आहे आणि अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणीचा कागद मागा. तिसरे, पोलिसांची भीती. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४अ आहे. थोड्या मात्रेच्या प्रकरणात जो व्यसनी स्वतःहून मान्य केंद्रात उपचार घेतो, त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. वकिलाला विचारून घ्या, पण भीतीपोटी घरात कोंडून ठेवू नका.

आणि प्रार्थना? प्रार्थना करायचीच. पण कोठल्याही प्रार्थनासभेत कोणी 'विश्वास असेल तर गोळ्या फेकून दे' म्हणाले, तर त्याचे ऐकू नये. सिराकच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी काढून वाचावा. औषधे परमेश्वराने जमिनीतून उगवली, शहाण्याने त्यांचा तिटकारा करू नये, आजारात प्रार्थना कर आणि मग वैद्यालाही जागा दे, असा त्याचा आशय आहे. अफूचे झाडही जमिनीतूनच उगवते. परमगुरू बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की असह्य वेदनेत रुग्णाला अफूजन्य वेदनाशामक देणे योग्य आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे याची दुसरी बाजूही दिसते. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलसारख्या ठिकाणी उपचार घेऊन घरी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर मॉर्फिन लिहून देतात आणि घरचे 'सवय लागेल' म्हणून देत नाहीत. शेवटच्या दिवसांत तो माणूस कण्हत राहतो. डॉक्टरांनी मोजून दिलेले मॉर्फिन हे पाप नाही. ते द्या.

आता त्या मुलीकडे वळू.

आपल्या सोलापूरचे ऊन सर्वांना माहीत आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. उन्हापासून वाचवण्यासाठीच देवाने कातडीत काळे द्रव्य ठेवले. सावळा रंग हा या मातीतला शहाणपणा आहे. गीतरत्नातील वधू स्वतःला काळी आणि सुंदर म्हणते, आणि उन्हाने रापले ते भावांनी द्राक्षमळ्यांवर राखणीला बसवल्यामुळे, असेही सांगते. पवित्र शास्त्रात ती लाजत नाही. आपल्या मुलींना मात्र आपण लाजायला शिकवतो. स्थळ सांगून येते तेव्हा पहिला प्रश्न रंगाचा असतो, आणि दुर्दैवाने आपण ख्रिस्ती लोकही याला अपवाद नाही. 'मुलगी शिकलेली आहे, पण...' या 'पण'च्या पुढे काय येते, ते आपण सर्व जाणतो.

मग ती क्रीम लावते. फेअरनेस क्रीमची मोठी बाजारपेठ आपल्याकडे १९७५ पासून आहे. २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' शब्द काढून 'ग्लो' आला. नाव बदलले, मनातला प्रश्न तोच राहिला. पण या साध्या क्रीमपेक्षा घातक गोष्टी वेगळ्याच आहेत. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या काही ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. हे डॉक्टरांनी ठरावीक डागांसाठी, ठरावीक दिवस द्यायचे औषध आहे. मुली ते मैत्रिणीकडून ऐकून महिनोन् महिने चेहऱ्याला लावतात. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, सगळे कौतुक करतात. मग कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात, गालावर लव वाढते. आणि लावणे बंद केले की चेहरा लाल होतो, आग होते, उन्हात जाववत नाही. म्हणून ती पुन्हा लावते. पुन्हा बरे वाटते. पुन्हा बंद करता येत नाही.

वाचताना काही आठवले? ही टर्कीच आहे. फक्त ही कपाटात आरशाखाली ठेवलेली असते आणि तिच्यासाठी पैसे आईच देते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोठी मोहीम चालवली आणि २०१८ साली सरकारने स्टेरॉइड असलेल्या बऱ्याच मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. तरी ती मिळतात, हे आपण पाहतोच.

याहून वाईट प्रकार अकोल्यात झाला. २०२३ साली वर्तमानपत्रांत आले की तेथील एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींना किडनीचा विकार झाला. कारण शोधता शोधता डॉक्टर एका गोरे होण्याच्या क्रीमपर्यंत पोचले. मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली, त्या क्रीममध्ये पारा प्रचंड प्रमाणात होता. पारा कातडीचे काळे द्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. आणि तोच पारा कातडीतून रक्तात जाऊन किडनी बिघडवतो. ट्यूबवर कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी नसेल, तर ती कचऱ्यात टाका.

याचा अर्थ त्वचेचा दवाखाना वाईट, असे अजिबात नाही. भाजलेल्या चेहऱ्याचे व्रण, कोड, मुरमांचे खड्डे, यांवर उपचार घेणे योग्यच आहे, आणि त्यासाठी घरच्यांनी पैसे काढावेत. आपल्या सिव्हिलमध्येही त्वचारोग विभाग आहे. परमगुरू बारावे पायस यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, आपल्या मृत्यूच्या अवघ्या पाच दिवस आधी, इटलीच्या प्लास्टिक सर्जनांपुढे याच विषयावर भाषण केले. शारीरिक सौंदर्य हे देवाचे चांगले दान आहे, पण सर्वांत वरचे दान नव्हे. आणि केवळ रूपासाठी शस्त्रक्रिया करावी का, हे हेतू, कारण आणि धोका पाहून ठरवावे, असा त्यांचा रोख होता. वेदनाशामकांवर बोलणारे आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेवर बोलणारे परमगुरू एकच होते, हे आम्हाला फार बोलके वाटते.

तेव्हा चाळिशीतल्या आमच्या भगिनींनी बोटॉक्स घ्यावे की नाही, लेसर करावे की नाही, याचा फतवा आम्ही काढत नाही. एवढेच सांगतो की बोटॉक्स हे मुळात तिरळ्या डोळ्यांसाठी आणलेले औषध आहे, सुरकुतीवर त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो आणि मग पुन्हा सुई व पुन्हा पैसे. लेसर आणि केमिकल पील चुकीच्या हातात सावळ्या कातडीवर काळे डाग ठेवून जातात. समोरचा माणूस त्वचारोगाची पदवी घेतलेला डॉक्टर आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आणि घरातल्या ज्या व्यक्तीच्या बोलण्यामुळे तुम्हाला हे सारे करावेसे वाटले, तिलाही एकदा शांतपणे विचारा.

लूर्दच्या बर्नादेतची एक गोष्ट आपण क्वचितच सांगतो. २५ फेब्रुवारी १८५८ रोजी गुहेत मारियेने तिला झऱ्याचे पाणी पिऊन तोंड धुवायला सांगितले. तेथे झरा नव्हताच, नुसता चिखल होता. तिने हाताने तो उकरला, गढूळ पाणी प्यायली, चेहरा चिखलाने बरबटला. पाहायला जमलेले लोक हसले, पोरगी खुळी झाली म्हणाले. त्या चिखलातूनच झरा वाहू लागला. आज जगभरातले आजारी त्या पाण्यापाशी येतात. आणि त्याच लूर्दमध्ये डॉक्टरांचे एक कार्यालय आहे, बरे झालो म्हणणाऱ्यांचे कागद तपासणारे. तेथेही तपासणी टळत नाही.

आता व्यवहाराचे. ज्यांच्या घरी अफूचे, गोळ्यांचे किंवा दारूचे व्यसन आहे त्यांनी १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन करावा, पैसे लागत नाहीत. मन फार खचले असेल तर टेली-मानसचा १४४१६. आपल्या सिव्हिलच्या मनोविकार विभागात नेले तरी चालेल. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर सांगा, सोबत कोणीतरी येईल. फादरांना सांगायला लाज वाटत असेल तर पापनिवेदनात सांगा. तेथे बोललेले फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, बिशपांनाही नाही. आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची नावे द्याल त्या कागदावर त्या मुलाचे नाव लिहा. आजाराचे नाव नाही लिहिले तरी चालेल.